चौपेडी वेणी आणि एक जावई

सोमवार, रस्ता संपतो तिथलं विश्रामगृह

विसरलीस. आधी कबूल कर, मग पुढे वाच. तीन दिवस “आई, हे घेतलं का, आई, ते घेतलं का” करून माझं डोकं उठवलंस, मोज्यांचा ढीग भरलास, विंचू चावला तर लावायचं मलमसुद्धा भरलंस. आणि मोठ्या दातांचा लाकडी कंगवा? तो न्हाणीघरातल्या फळीवर बसलाय, दात विचकून. जाऊन बघ.

तू म्हणालीस, आई, रोजचं सांगून ठेव, परत आलात की वाचेन. म्हणून ही वही. अक्षराचं आणि माझं कधी जमलं नाही, तेव्हा लिहिणारा हात आपल्या तुकडीच्या स्वयंपाक्याचा. माणूस गोल, त्याचं अक्षरही गोल, असं तोच म्हणतो. भाजी शिजत असते तेवढ्या वेळात लिहितो. वही तुझ्याखेरीज कुणाला दाखवायची नाही, भिंगरीला तर मुळीच नाही, असं ठरलंय.

हा विचारतोय, आजी, या वयात डोंगरात कशाला? लिही रे बाबा. भिंगरी म्हणजे माझी नात, माझ्या लेकीची लेक. माणसांना डोंगर चढवून उतरवायचं काम शिकली, आणि ही तिची पहिली तुकडी. सहा माणसं असली तरच निघायला परवानगी मिळते. जमली पाच. सहावा आदल्या आठवड्यात ताप आणून बसला. मुलगी रडवेली झाली, तेव्हा मी म्हटलं, मला पाय आहेत.

पाय आहेत, पण खरं कारण वेगळं. या मुलीचे केस मांडीपर्यंत, आणि तिला स्वतःची वेणी घालता येत नाही. तीन पेडांची घालते, ती दुपारपर्यंत सुटते. माझी चौपेडी गोल वेणी दोरासारखी बसते, दोन दिवस हलत नाही. पुढचे कितीतरी आठवडे वारा, धूळ, पाठीवर पिशवी. माझ्याशिवाय ती काय करणार होती?

मंगळवार

आज निघालो. आमची तुकडी सांगते. दोघी मास्तरणी बहिणी, एकीचं वाक्य दुसरी पुरं करते. एक नवराबायको, त्यांची वाक्यं पुरी होतच नाहीत. आणि एक टोपीवाला. त्याने असे तीन डोंगर केलेत आणि ते तिन्ही आम्हाला रोज पुन्हा चढावे लागणार असं दिसतं. सामानाला खेचरं आणि एक खेचरवाला. खेचरं खिंडीच्या पायथ्यापर्यंतच. खिंडीपलीकडे कडा आहे, तो दोराला धरून उतरायचा.

सकाळी भिंगरीची वेणी घातली. झकास. तुझ्या छोट्या प्लास्टिकच्या कंगव्याचे चार दात तिच्या केसांत राहिले.

बुधवार, ओढ्याकाठी

पडले. कुणाला सांगू नकोस. कुणाला सांगणार म्हणा, तू तिकडे.

ओढा ओलांडताना शेवाळावरून पाय गेला आणि उजव्या अंगावर आपटले. बाकीचे पुढे गेले होते. पाहिलं फक्त या स्वयंपाक्याने, हा पाणी भरत होता. म्हणाला, “आजी, हात वर करा बघू.” मी म्हटलं, “का, मी शरण आलेय?” पण केला वर. खांद्याच्या रेषेपर्यंत गेला आणि तिथे कुणी कडी लावल्यासारखा थांबला.

“भिंगरीताईंना सांगतो,” म्हणाला. मी त्याचा सदराच धरला. डाव्या हाताने. टोपीवाला कालच सर्वांना ऐकवत होता, एक जण पडला की म्होरक्याला त्याच्याबरोबर परत फिरावं लागतं आणि सगळी तुकडी घरी. पोरीची पहिली तुकडी, आणि ती आजीपायी परत? मग पुढची तिला कोण देणार?

तेव्हा ठरलं. ‘खांदा’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही, तंबूच्या भिंती कापडाच्या असतात. त्याला म्हणायचं जावई. न सांगता येतो, आला की हलत नाही, आणि त्याच्यासमोर तोंड वाकडं करायची सोय नाही. स्वयंपाकी हसून हसून लवंडला. तुझा नवरा असा नाही हो, हे मात्र ठळक लिही रे. पुढेमागे घरात भांडण नको.

शुक्रवार, पहिल्या चढावर

जावई जागा आहे.

संध्याकाळी भिंगरी येऊन माझ्याकडे पाठ करून बसली. लहानपणापासून अशीच बसते, न सांगता. मंगळवारची वेणी विस्कटून गेली होती. “आजी, घाल ना.” मी म्हटलं, “तुझे हात काय गहाण पडलेत? एवढी माणसं डोंगरावर चढवतेस, तीन पेड आवरत नाहीत?”

उठेल असं वाटलं. उठली नाही. म्हणाली, “आजी, खिंडीत ढग उतरला आणि दोर दिसेनासा झाला, तर आधी कुणाला पाठवायचं गं?”

“मला काय विचारतेस? म्होरकी तू.”

“हो,” म्हणाली. आणि तशीच पाठ करून बसून राहिली बराच वेळ. दमली असेल. मग उठून स्वतःचं काहीतरी गुंडाळलं आणि गेली.

माझं काय? माझे केस कंबरेपर्यंत, पांढरे असले तरी दाट. एका हाताने अंबाडा घालून पाहिला. गुडघ्यात धरून पाहिलं, दातात धरून पाहिलं. तंबूच्या दोरीला शेंडा बांधून मीच गोल फिरून पाहिलं, तर तंबू वाकडा झाला. शेवटी सगळं लोकरीच्या टोपीत कोंबलं. उन्हात नाही पांढरे केले हे केस, पण आज त्यांनी मला वेडी करून सोडलं.

सोमवार

वारा. धूळ. जावई.

बुधवार, दगडी पठारावर

चिडले आहे, हळू लिही म्हणालास तरी हळू सांगणार नाही.

एकेक ऐक. पिशवीचा पट्टा केस ओढतो, प्रत्येक पावलाला एकेक. घामाचं मीठ मुळाशी साचून डोकं खाजतं. लोकरीची टोपी मानेवर घासते, तिथे केसांचा गोळा झालाय, दाबलेल्या लोकरीचा नमदा म्हणावा असा. धुवावं तर पाणी इतकं गार की मास्तरणींपैकी धाकटीने धुतले आणि वाळेपर्यंत टोकांना बर्फ लटकत होता. मोठी म्हणाली, “तरी मी सांगत होते,” आणि पुढचं वाक्य धाकटीने दात वाजवत पुरं केलं. तेल बाटलीत गोठलंय, काखेत धरून बसावं तेव्हा चमचाभर सुटतं, आणि उजवी काख जावयाने अडवलीय.

कंगव्याला आता दातच नाहीत, नुसत्या हिरड्या. हा स्वयंपाकी मला लाकडी काटा देतो, उकळत्या भांड्यातून शेवया काढायचा. त्याने विंचरते. त्यानंतर तो धुतो का, मी विचारलेलं नाही.

भिंगरी रोज मुक्काम पडला की येते. रोज मी काहीतरी खेकसते. काल म्हटलं, “तुझ्या केसांना धुराचा वास येतो.” परवा म्हटलं, “मला झोप येतेय,” तेव्हा ऊन डोक्यावर होतं. हल्ली दुपारचा मुक्काम लवकर पडतो, बहुधा सगळेच दमतात. माझा तंबू नेहमी वाऱ्याच्या आडोशाला येतो, नशीब माझं. मुलगी मात्र मी खेकसले की खालचा ओठ चावते. कुणाकडून शिकली कोण जाणे.

माझ्याच मनाला विचारते, कड्यावर काय करशील? दोराला दोन हात लागतात, माझ्याकडे दीड आहे. स्वयंपाक्याला विचारलं, तर तो म्हणतो, भाजी करपतेय.

शनिवार

आज घोळ झाला.

स्वयंपाकघराच्या तंबूमागे हा माझ्या पाठीला कोमट तेल चोळत होता आणि मी बोलत होते. काय बोलत होते? हेच. “हा जावई मेला कुठून गळ्यात पडला. रात्री झोपू देत नाही, दिवसा काम करू देत नाही. याच्यापायी माझ्या पोरीच्या आयुष्याचं वाटोळं होणार.”

मागे वळले तर भिंगरी. हातात पाण्याचा डबा. किती वेळ उभी होती देव जाणे.

“आजी,” म्हणाली, “सगळं घर नको म्हणत होतं तेव्हा बाबा एकटे म्हणाले, जा.” डबा ठेवला आणि गेली.

खरं सांगावं तर खांदा सांगावा लागतो. खांदा सांगावा तर तुकडी परत जाते. तिचा बाप माझ्यामुळे फुकट बदनाम झाला आणि मला त्याला सोडवता येईना. बाई, तुझ्या नवऱ्याची मी मनातल्या मनात माफी मागितली आहे. त्याला सांग. नको, सांगू नकोस.

संध्याकाळी ती वेणीला आली नाही. सुटले, म्हटलं. पण बसल्या बसल्या मांडीवर हात उगाच तिच्या डोक्याची जागा सोडून ठेवत होता.

बुधवार, खिंडीच्या पायथ्याशी



कडा उतरायचा सराव होता. एका मोठ्या दगडावरून दोर सोडला, कमरेला लोखंडी कडी, कडीतून दोर. भिंगरी आधी स्वतः करून दाखवत होती. केस तिने आपल्या हाताने बांधले होते, तीन पेड. अर्ध्यावर वेणीचा शेंडा सुटला आणि दोराबरोबर कडीत ओढला गेला. मुलगी लटकली. मान एका बाजूला वाकडी, वर येता येईना, खाली जाता येईना. खेचरवाला आणि स्वयंपाक्याने वरून ओढून तिला वर घेतली, तेव्हा तिच्या कानामागे रक्त होतं आणि कडीत मूठभर केस.

ओरडली नाही. दोर गुंडाळायला लागली.

टोपीवाल्याने टोपी काढली, खाजवलं आणि पुन्हा घातली. आत एक केस नाही. म्हणाला, “हिला स्वतःचे केस आवरत नाहीत, आम्हाला काय आवरणार?”

माझी वेणी असती तर शेंडा सुटला नसता. हे लिहून ठेव. खाली रेघ मार.

गुरुवार

तिने कापले.

दुपारी जेवायला आली तेव्हा मानेवर काही नव्हतं. एका कानाखाली लांब, दुसऱ्या कानाखाली आखूड, जसं बकरीने चरलंय. टोपीवाला म्हणाला, “शहाणपण आलं.” मास्तरणींपैकी एकीने त्याला म्हटलं, “तुम्ही जरा,” आणि दुसरीने म्हटलं, “गप्प बसता का?”

कात्री या गोल माणसाची. म्हणतो, “मला वाटलं पिशवीचा बंद कापायचाय.” वेणी तिने कांद्यांच्या टोपलीत टाकली होती. मी काढून घेतली. कांद्याचा वास लागलाय तिला. भिंगरीच्या बाळपणी पहिल्यांदा चार पेड पुरले तेव्हा आख्ख्या घराला दाखवत फिरले होते मी.

कुणी केसाने गळा कापतं, म्हणतात. इथे माझ्या न घातलेल्या वेणीने कापला.

उद्या स्वयंपाक्याला सुट्टी. उद्या लिहायला तिला बसवणार आहे.

शुक्रवार

अक्षर बदललेलं दिसेल. काटकुळं असेल, कारण लिहितेय भिंगरी, रागावून. लिही, रागावूनच लिही.

जावई म्हणजे तुझा बाप नव्हे. लिही आधी, मग बोल. तुझ्या बापासारखा माणूस मी पाहिलेला नाही, लोणचं घालणारा जावई तरी मला दुसरा माहीत नाही.

जावई म्हणजे माझा उजवा खांदा. ओढ्यात पडले त्या दिवसापासून हात वर जात नाही. वेणी घालायची नव्हती म्हणून नाही, घालता येत

शनिवार, तिथेच

गोल अक्षर परत आलं. काल पोरीने पेन टाकलं आणि वही बंद केली, म्हणून राहिलेलं आज सांगते.

“तू इतके दिवस,” म्हणाली आणि थांबली. मग माझा हात हळू वर उचलून पाहिला, अडतो तिथपर्यंत. शिकवलेलं असतं त्यांना. तिची बोटं गार होती.

“मला वाटलं, माझ्या हाताखाली चालायचं तुला आवडत नाही,” म्हणाली. “तू चढताना थांबायचीस, चिडायचीस. दमतेस वाटून रोज मुक्काम लवकर टाकला. तरी चिडायचीस.”

“सांगितलं असतं तर तुला परत फिरावं लागलं असतं ना माझ्याबरोबर.”

“कोण म्हणालं?”

मी टोपीवाल्याचं नाव घेतलं. तिने डोळे मिटले. “आजी, नियम असा नाहीये. जखमी माणूस खेचरवाल्याबरोबर खाली जातो. तुकडी पुढे जाते. पहिल्या दिवशी मी कागद वाटला होता.”

“कागद!” मी म्हटलं. “मी त्यावर चप्पल वाळवली.”

म्हणजे बघ. एवढी खेकसले, एवढं तेल काखेत सांभाळलं, पोरीची मान मोडता मोडता वाचली, केस गेले, आणि सगळं कशासाठी? कशासाठीही नाही. मला इतका राग आला की रडायलासुद्धा येईना. हसूही येईना. स्वयंपाक्याने चहा पुढे केला तर कपावर रागावले.

मग ती उठून उभी राहिली, सदरा नीट केला आणि म्हणाली, “तुम्ही सोमवारी सकाळी खाली उतरणार आहात. खेचरवाल्याबरोबर, पायथ्याच्या वाटेने पलीकडच्या चौकीवर. आम्ही कडा उतरून तिथेच येतो.”

तुम्ही! तिला बोलता यायला लागल्यापासून मी ‘तू’ आहे. मास्तरणींना ती तुम्ही म्हणते, टोपीवाल्याला म्हणते. आज मला म्हणाली. छातीत कुठेतरी लागलं, आणि वर मान ताठही झाली. मी म्हटलं, “बरं, बाई.” दुसरं काय म्हणणार? ती माझी म्होरकी.

“पण निघायला सहा माणसं लागतात ना?” मी विचारलं.

“निघायला लागतात,” स्वयंपाकी म्हणाला. “पोचायला किती, ते कुठे लिहिलंय?” तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो कांदे सोलायला गेला. आता परत आलाय.

रविवार

सगळी दुपार माझ्या डोक्यात गेली. तिने नमद्यासारखा गोळा तेल लावून, केस न केस सोडवला. काट्याने, बोटांनी. दोनदा मी ओरडले, एकदा ती.

मग म्हणाली, “तुझी चौपेडी सांग.”

“सांग काय? ती हाताने येते.”

“तोंडाने सांग. वही सांगतेस तशी.”

म्हटलं, बघू. पण माझा हात मला कधी काही सांगून करत नाही. वेणी कशी होते हे मला ठाऊकच नव्हतं, नुसती येत होती. डोळे मिटून मांडीवर डावी बोटं हलवून पाहिली आणि बोलत गेले. चार भाग कर. डावीकडच्या टोकाचा पेड उचल, शेजारच्या दोघांच्या खालून ने, एकावरून परत आण. आता उजवीकडचा, तसाच, दोघांच्या खालून, एकावरून परत. ओढ. एवढं नको ओढूस, खेचर आहे का मी? पुन्हा डावीकडचा.

तीनदा सोडली, चौथ्यांदा बसली. वाकडी आहे. मध्येच जाड, मध्येच बारीक, एका ठिकाणी पाच पेड कुठून आले कळत नाही. पण गोल आहे.

आता बघ गंमत. ज्या दिवशी तिला चौपेडी आली, त्या दिवशी तिच्या डोक्यावर वेणीला केस नाहीत. कुणावर रागवावं तेच कळत नाही.

शेवटचा पेड बांधून झाला तरी ती माझ्या पाठीशी बसून राहिली. मी पुढे बघत होते. “ढग उतरला,” मी विचारलं, “तर आधी कुणाला पाठवणार?”

“कुणालाच नाही,” म्हणाली. “थांबणार.”

“मग? मला तर तेव्हाच माहीत होतं तुला येतं ते.”

तिने कपाळ माझ्या पाठीवर टेकलं. बरा खांदा निवडला, हुशार आहे.

गुरुवार, पलीकडची चौकी

लिहिणारा पुन्हा बदललाय. ही चौकी सांभाळणारी बाई, लिहिताना जीभ बाहेर काढते. लिही, लिही, हेही लिही.

परवा इथे पोचले. हात फडक्यात छातीशी बांधलाय. खेचरवाल्याच्या गाठीला तोड नाही, पण खेचराच्या पाठीवर बसणं म्हणजे टेबलावर बसून जिना उतरणं. इथून कडा दिसतो. सकाळपासून त्याच्यावर ढग आहे. चौकीवाली म्हणते, ढगात शहाणी माणसं थांबतात. मी म्हटलं, आमची थांबलीय. मला कुणी सांगितलं नाही, पण थांबलीय.

निघताना ती सगळ्यांसमोर म्हणाली, “तुम्ही सांभाळून जा.” टोपीवालासुद्धा ऐकत होता. मग खेचराचा पट्टा बघायच्या निमित्ताने जवळ आली आणि म्हणाली, “वेणी सोडू नकोस गं, मी येईपर्यंत.” सोडलेली नाही. आज वेणीचा पाचवा दिवस, चौकीवाली विंचरून देते म्हणाली तर तिला हात लावू दिला नाही. भिंगरीचे कापलेले केस माझ्या उशाला आहेत, कांद्याच्या वासासकट.

आता कामाचं. खेचरवाला उद्या रस्त्यापर्यंत उतरून तुझ्या गावाला जातोय आणि ही वही त्याच्याबरोबर देतेय, मी परत येईपर्यंत वाट बघवणार नाही तुला, माहीत आहे मला. तो दोन दिवसांनी वर येईल, तेव्हा त्याच्याकडे दे. भाजलेले दाणे सोलून दे, साल मी एका हाताने नाही काढणार. खजूर बिया काढलेला. उकडलेलं काही नको, वाटेत नासतं. आणि जावयाच्या हातचं लिंबाचं लोणचं, खऱ्या जावयाच्या, त्याला सांग मी मागितलंय, एवढंच सांग. दोन बरण्या दे. एकीचं झाकण सैल ठेव आणि वरून फडकं बांध, म्हणजे मला उघडता येईल. दुसरीचं घट्ट लाव. ती भिंगरीने उघडायची आहे.

कंगवा तेवढा आठवणीने टाक.